मेंदीची रांग आणि आमची गौतू

आमचा गोतावळा मोठा आहे, त्यामुळे आमच्या बाळाला सांभाळायला कोणीही नाही.

हे वाचून ज्यांना नवल वाटलं, त्यांच्या घरी बाळ नसावं. किंवा असलं तरी ते दुसरंच कुणीतरी सांभाळत असावं (बहुतेक त्यांची बायको). मी नांदेडमध्ये घरोघरी जाऊन पार्लरचं काम करते. आयब्रो, वॅक्सिंग, फेशियल, मेंदी, जे म्हणाल ते. दुकान नाही, बोर्ड नाही. एक स्कूटी आणि एक मोठी काळी बॅग, एवढंच माझं पार्लर. गौतमी, म्हणजे आमची गौतू, झाली तेव्हा दवाखान्यात तिला बघायला आलेल्या प्रत्येक माणसानं मला एकच सांगितलं होतं. "तू काई काळजी करू नको, सविता. तू बिनधास्त कामाला जा. लेकराला आम्ही हाव की!" हे सगळे 'आम्ही' नंतर कुठं गडप झाले, ते मी अजून शोधते आहे.

त्यात पहिला नंबर नवऱ्याचा. किशोरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आमच्या घराच्याच खाली आहे. "मी खालीच तर हाव!" हे त्याचं आवडतं वाक्य. एकदा त्याच्या भरवशावर गौतूला ठेवून मी दोन गल्ल्या पलीकडे एका ताईंच्या आयब्रो करायला गेले. पहिली भुवई निम्मी झाली आणि फोन वाजला.

"अगं, ही रडून राहिली."

"भूक लागली असंल. नाचणीचं सत्त्व करून ठेवलंय, भरवा."

"चमचा कुठंय?"

चमचा! ज्या घरात हा माणूस रोज उठतो, झोपतो, जेवतो, त्या घरात चमचा कुठं असतो ते मी फोनवर सांगत होते! दुसऱ्या भुवईला हात घालते तोच पुन्हा फोन.

"अगं, हिनं केलं."

"काय केलं?"

"ते... केलं."

"मग धुवा!"

"मी?"

त्या 'मी?'मध्ये एवढं आश्चर्य होतं, की माझा हात हलला. त्या ताई पुढचे काही दिवस एका डोळ्यानं कायम कशाचं तरी नवल करत हिंडत होत्या. नंतर त्यांनी मला बोलावलं नाही.

मग मी पाळणाघर शोधलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "एवढं तान्हं आम्ही घेत न्हाई. चालाय लागली की आणा." चालायला लागल्यावर ती तिची ती जाईल की हो! शिवाय त्यांची वेळ ठरलेली, आणि माझ्या कामाला वेळच नाही. एखाद्या ताईंना सकाळी आरशात मिशी दिसली, की त्यांना मी लगेच हवी असते. मिशी पाळणाघराची वेळ बघून उगवत नाही.

शेवटी उदगीरहून सासूबाई आल्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंनी आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आधी अट घातली. "लेकराला मी बघीन. पण चार भिंतीत कोंडून घेणार न्हाई. तू जाशील तिथं मीबी येणार." झालं! त्या दिवसापासून स्कूटीवर पुढं बॅग, मध्ये मी, मागं आत्याबाई आणि त्यांच्या मांडीवर गौतू अशी वरात नांदेडात फिरू लागली. मी आत फेशियल करायची आणि आत्याबाई बाहेरच्या खोलीत बसून त्या घरच्या सुनेचा पगार, सासूचं दुखणं आणि माहेरचं गाव काढून घ्यायच्या. पण गौतू सांभाळली जात होती. मी तक्रार करत नव्हते.

अशात लोह्याच्या एका गुरुजींच्या मुलीच्या लग्नाचं काम आलं. मेंदीपासून नवरीच्या मेकअपपर्यंत सगळं माझ्याकडं! पूर्ण लग्नाचं काम मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. मी आनंदानं घरी सांगितलं, तर किशोर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "लेकरू घेऊन लग्नाचं काम जमतंय का? एक काम कर. एवढं लग्न करून बघ. जमलं तर जमलं. न्हाई तर ती बॅग ठेव माळ्यावर. गौतू शाळेत जाय लागली की मग काढ."

बॅग माळ्यावर! मी त्या बॅगेवर कर्ज फेडलंय, त्याच्या दुकानाचं शटर बसवलंय. माझ्या डोक्यात असा जाळ झाला, की मी नुसतं "बरं" म्हणाले. (माझं नुसतं 'बरं' म्हणजे काय, हे किशोरला लग्नाला चार वर्षं होऊनही समजलेलं नाही.) वर तो मोठ्या मनानं म्हणाला, "मीबी येतो मेंदीच्या दिशी. दुकान बंद ठेवीन. आई आन् मी मिळून लेकराला बघू. तू निवांत काम कर."

लोह्याला गुरुजींच्या दारात मांडव पडला होता. समोर उंच ओटा, ओट्यावर सतरंज्या, आणि सतरंज्यांवर घरातल्या, भावकीतल्या, गल्लीतल्या बायका. आम्ही उतरलो, जयभीम झाला, आणि गुरुजींच्या भावानं किशोरला विचारलं, "पाव्हणं कोणच्या गावचं?" एवढंच विचारायची देरी! दोन मिनिटांत किशोरचा मामा आणि गुरुजींचा भाऊ एकाच वर्गात होते असं निघालं. किशोर एकदम घरचा झाला. खांद्यावर हात पडला, चहा आला, आणि "चला, आचारी दाखवतो" म्हणून त्याला मांडवामागं नेलं. जाताना तो मला खूण करून गेला, की मी इथंच हाव. मी कोन कापून कामाला बसले.

नवरी प्रज्ञा मोठी समजूतदार पोरगी. म्हणाली, "ताई, आधी समद्यांचं उरकून घ्या. माझं निवांत करा." तेवढ्यात गुरुजींच्या मिसेस, म्हणजे काकू, लगबगीनं आल्या. काकूंचा आवाज मांडवाला लावलेल्या भोंग्यापेक्षा मोठा. त्या घरात गुरुजींना फक्त शाळेत बोलू देत असावेत. त्यांनी आत्याबाईंकडं बघितलं आणि हुकूम सोडला, "पयलं या आत्याला लावा! लग्नाच्या घरातून कोऱ्या हातानं कुणी जायचं न्हाई!"

आत्याबाई लाजल्या. खरंच लाजल्या! "मला म्हातारीला कशाला?" म्हणत दोन्ही हात पुढंसुद्धा केले. "माझ्या लग्नात नुसता पाला वाटून मुठीत धराय दिला व्हता. नक्षी कुठली माय!" हे ऐकल्यावर मी नको म्हणणार होते का? त्यांनी गौतूला शेजारच्या आजींच्या मांडीवर दिलं आणि मी त्यांच्या तळव्यावर चांगली वेल काढली.

मग आजींचा नंबर. आजींनी गौतूला पलीकडच्या मावशीकडं दिलं. मावशीचा नंबर आला, तिनं नवरीच्या आत्याकडं दिलं. आत्यानं जावेकडं, जावेनं पुतणीकडं. जिचे हात अजून कोरे, तिच्या मांडीवर गौतू! काय सुरेख व्यवस्था! मी न सांगता, न मागता ती आपोआप सुरू झाली होती. गौतू प्रत्येकीच्या मंगळसूत्राशी खेळत पुढं सरकत होती, मी भराभरा कोन चालवत होते, आणि मनात म्हणत होते, की त्या पाळणाघरवाल्या बाईंना इथं आणून दाखवलं पाहिजे.

रांग असली की तिला शेवट असतो, हे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. मला मात्र हातात कोन असताना दुसरं काही कळत नाही.

सगळ्या बायकांचं झाल्यावर मी प्रज्ञाला घेतलं. कोपरापर्यंत हात, घोट्याच्या वरपर्यंत पाय. तेवढा वेळ गौतू काकूंच्या कमरेवर. तिला काखेत मारून त्या स्वयंपाकघर, मांडव आणि गुरुजी, तिन्ही ठिकाणी ओरडत होत्या. प्रज्ञाचं संपलं. ओली मेंदी चकाकत होती. मी मान मोडली आणि काकू समोर येऊन बसल्या.

"हं. आता माझं."

आणि गौतूला त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

मी कोन उचलला. गौतूनं कोन धरला. मी कोन वर केला. गौतूनं काकूंचा पदर धरला. मी म्हणाले, "आत्याबाई, हिला घ्या जरा."

आत्याबाईंनी दोन्ही हात वर केले. मी आजींकडं बघितलं. आजींनी हात वर केले. मावशी, आत्या, जाऊ, पुतणी! जिकडं बघावं तिकडं वर केलेले हिरवे हात! जणू मी बॅगेतून बंदूक काढली होती.

"अहो, तुमची तर वाळली की आत्याबाई! खरडून टाका ना!"

"खरडून?" आत्याबाई मेंदीकडं बघत म्हणाल्या. "रंग चढायचाय अजून. संध्याकाळपस्तोर ठेवावं लागतंय. आत्ताच नवरीच्या आईनं लिंबू-साखर लावली."

गौतूनं एवढ्यात भोंगा सुरू केला. तिला भूक लागली होती, झोप आली होती आणि बहुधा 'ते'ही झालं होतं. मग सल्ल्यांचा पाऊस! "पाठ थोपट!" "उजव्या खांद्यावर घे!" "दात येत असतील!" "दृष्ट लागली असंल!" "उपाशी ठेवली का काय माय लेकराला!" सगळ्या बायका हात हवेत धरून मला लेकरू कसं सांभाळायचं ते शिकवत होत्या, आणि ज्या हातांनी सांभाळायचं ते सगळे मीच रंगवून बसले होते!

किशोरला फोन लावला. तो आत्याबाईंच्या पिशवीत वाजला.

"गुरुजी, जरा हिला घेता का?" मी खांबाशी उभ्या असलेल्या गुरुजींना विचारलं. गुरुजी दोन पावलं मागं सरले. "आमच्यानं लेकरू धरलं जात न्हाई बुवा. हातातून निसटतंय." आख्खी जिल्हा परिषदेची शाळा सांभाळलेला माणूस! काकूंचे तळवे अजून माझ्यासमोर पसरलेले, कोरे. त्या हळू आवाजात म्हणाल्या (आणि काकूंचा हळू आवाज हा खरा घाबरायचा आवाज), "माझ्या लेकीचं लगीन, आन् माझेच हात कोरे ऱ्हायचे का? तुला झेपत नसंल तर सांग बाई. उद्यासाठी आमी दुसरी बघतो."

माझ्या डोळ्यांसमोर माळा आला. माळ्यावर बॅग, बॅगेवर धूळ, आणि खाली मोबाईलमधून डोकं न काढणारा किशोर.

"एकच मिनिट, काकू," म्हणून मी गौतूला सतरंजीवर पालथं ठेवलं. एका जागी पडून राहायची ती तोवर. रांगायचं म्हटलं तर पोटावर भिंगरीसारखी गोल फिरायची, बस. मी काकूंच्या तळव्यावर पहिला ठिपका दिला.

आणि गौतू रांगली! घरात महिनाभर तिच्यापुढं खुळखुळे वाजवले तेव्हा ढिम्म! आज लोह्यात, परक्या ओट्यावर, कठडा नसलेल्या बाजूला ती सुसाट निघाली! "अगं धरा! धरा तिला!" सगळ्या एकदम ओरडल्या आणि सगळ्यांनी आपापले हात आणखी वर केले. आत्याबाई दोन्ही कोपरं पुढं करून धावल्या, सतरंजीत पाय अडकून आजींच्या मांडीत बसल्या. मी उठले तर माझा पदर काकूंच्या गुडघ्याखाली. गौतू ओट्याच्या काठावर पोचली, एक हात हवेत गेला...

आणि प्रज्ञानं झेप घेतली. रंगवलेले पाय सतरंजीवर फरफटवत ती गेली आणि दोन्ही ओल्या हातांनी तिनं गौतूला कवटाळून उचललं.

गौतूचा पांढरा फ्रॉक हिरवा, पाठीवर हिरवा, गालावर हिरवा. प्रज्ञाच्या हातांवर नुसता चिखल. मी गौतूला छातीशी घेतलं आणि मला रडू फुटलं. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटली होती.

"ताई, रडू नका," प्रज्ञा म्हणाली. "हात कुठं पळून चाललेत का? पुसू आन् परत काढू."

तेवढ्यात मांडवामागून किशोर आला. गोंगाट ऐकून नाही. हातात ताटली होती, ताटलीत गरम बुंदी. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठानं माखलेले, कपाळावर घाम, तोंडावर समाधान. "बघा ओ काकू, मी पाडली! आचारी म्हणला, हात बसलाय माझा!"

घरी चहाचा कप उचलून मोरीत ठेवत नाही हा माणूस, आणि इथं परक्याच्या लग्नात बुंदी पाडून राहिला होता! चमचा सापडत नव्हता याला, झारा बरोबर सापडला!

माझं रडू जागच्या जागी आटलं. लग्नाला चार वर्षं झाली, मी कधी त्याला लोकांत नावानं हाक मारली नव्हती. तिथं सासू होती, गुरुजी होते, अर्धी भावकी होती. मी ओरडले, "ए किशोर!"

ताटलीतली बुंदी उडाली.

"इथंच हाव म्हणला व्हतास ना? कुठं व्हतास? लेकरू ओट्यावरून चाललं व्हतं खाली! माझ्या एकटीचं हाय का ते? मी माहेरून आणलं का त्याला? मी काम करू, का लेकरू धरू, का तुझी बुंदी खाऊ? बॅग माळ्यावर ठेव म्हणतोस? तुझं दुकानच ठेवते माळ्यावर!"

"अगं, हळू... घाणा टाकलाय तिकडं..."

"घाणा गेला खड्ड्यात! हात धू! साबणानं! आन् हिला धर!"

मला वाटलं आता काकू मला मांडवाबाहेर काढणार. पण काकू गुरुजींकडं वळल्या. "बघत काय उभे ऱ्हायलात? पाणी द्या त्याला हात धुवाय! आन् तुमीबी धुवा. पुढच्या वर्षी नातू झाला की तुमचंबी निसटणं बंद!" गुरुजी तांब्या आणायला पळाले. ओट्यावरच्या बायका हसून हसून वाकल्या. मला एकटीलाच हसू आलं नाही.

त्यानंतर किशोर दिवस मावळेपर्यंत गौतूला घेऊन उभा होता. बसला की ती रडायची. त्यानं तिला धुतलं (आत्याबाईंनी हात न लावता तोंडी शिकवलं), भरवलं, झोपवलं, पुन्हा धुतलं. मी तेलानं प्रज्ञाचे हात-पाय पुसले. डाग राहिले होते, त्यांच्यावर भरीव मोर काढले. मग काकूंचे दोन्ही हात मन लावून रंगवले. सगळं होईपर्यंत माझी बोटं वाकडी झाली होती.

दुसऱ्या दिवशी लग्नात प्रज्ञाचे हात असे रंगले होते, की पांढऱ्या साडीवर नजर तिथंच जायची. मेकअपही झकास झाला. गौतूच्या पाठीवर आणि गालावर नारिंगी पंजे उमटले होते, आणि ती किशोरच्या कडेवर होती. कारण मी सकाळीच त्याच्या हातात दिली होती आणि परत घेतली नव्हती. मी वाट बघत होते, की आता कुणीतरी येईल आणि म्हणेल, 'सविता, केवढं काम केलंस गं!'

लग्न लागलं, पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले, आणि गुरुजींनी माईक हातात घेतला.

"आता मी अशा एका व्यक्तीला मंचावर बोलावतो, जी आजच्या काळात दुर्मीळ आहे. जिनं कालपासून या घरात अपार कष्ट घेतले." मी पदर सावरला. "पत्नीच्या व्यवसायाला साथ देण्यासाठी स्वतःचं दुकान बंद ठेवून लेकराला सांभाळणारे, आदर्श पती... किशोरराव!"

टाळ्या! मंडपभर टाळ्या! शेजारची बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "लई नशीब काढलंस माय. आमचा बाबा तर लेकराकडं बघतबी न्हाई." मागून दुसरी म्हणाली, "पुढल्या महिन्यात आमच्या पुतणीचं लगीन हाय नायगावला. मेंदी, मेकअप समदं तूच कर. पर येताना यान्ला घेऊन ये बरं का!"

मंचावर किशोरला शाल घातली, टॉवेल-टोपी दिली. माईक दिला. त्यानं गौतूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "मी तर पयल्यापासून हिला सांगत आलो. काईबी होऊ दे, काम सोडायचं न्हाई! लेकराला मी हाव की!"

आत्याबाईंनी लाल रंगलेल्या हातांनी डोळे टिपले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, इकडं बघा. ताई, तुमीबी या बाजूला." मी दात-ओठ खात मंचावर चढले. मंडपातल्या सगळ्या लोकांसमोर ह्या माणसाला आता काय बोलू आणि काय नको, असं झालं होतं. जवळ गेले, तर घामानं त्याचं कपाळ नुसतं चकाकत होतं.

मग मी बॅगेतून पावडरचा पफ काढला आणि आदर्श पतीचं तोंड फोटोसाठी नीट पुसून दिलं.